सल्ला हवा: घराचं प्रेशर वॉशिंग कोणाकडून करून घ्यावं? (सहकारनगर, पुणे)

प्राजक्त
नमस्कार मंडळी. सहकारनगरात आमचा जुना बंगला आहे, तळमजला आणि वर एक मजला. यंदाच्या पावसात उत्तरेकडची भिंत पार हिरवी-काळी झाली आहे. कंपाउंड काळ्या दगडाचं, पुढे गाडीखाली पेव्हर ब्लॉक, मागे अंगणात शहाबादी फरशी आणि गच्चीवर चायना मोझॅक. अंगणात इतकं शेवाळ आहे की सासूबाईंना मागच्या दारानं जायला बंदी घातली आहे (त्या ती रोज मोडतात). रंगाचं काम पुढच्या वर्षी काढू, पण दिवाळीच्या आत निदान मशीनच्या जोरदार धारेनं धुऊन तरी घ्यायचं आहे.

दोघे जण पाहून गेले. एकानं फाटकाशी उभं राहून, गच्चीवर न चढताच, सगळ्याचा उक्ता आकडा सांगितला. दुसऱ्यानं टेप लावून मापं घेतली आणि चौरस फुटाचा भाव दिला, तो पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट जातो. मशीन कोणतं विचारलं तर पहिला म्हणाला, "मोठं आहे मॅडम." दुसरा म्हणाला, "दोनशे बार." यातलं मला काही कळत नाही. कोणाला चांगला अनुभव असेल तर नाव सुचवा, आणि काय विचारायचं तेही सांगा.

तिरकस पेठकर
दिवाळीच्या आत म्हणजे अख्ख्या पुण्याला शेवाळ दिसतं त्याच आठवड्यात. शुभेच्छा. नाव-नंबर मात्र व्यनितच (व्यक्तिगत निरोपातच) घ्या. इथे उघड मागितलेत की उद्या सकाळी तीन नवे आयडी एकाच माणसाची स्तुती करताना दिसतील.

बाराचा पाना
बारची भानगड सोपी आहे, बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप. गाडी धुवायला घरी घेतात ती मशीनं साधारण १०० ते १३० बारची, मिनिटाला सहा-सात लिटर पाणी टाकणारी. धंदेवाईक मशीन १५० ते २०० बारचं, मिनिटाला दहा-पंधरा लिटर. घाण सुटते दाबानं, पण वाहून जाते पाण्यानं. त्यामुळे नुसता बार ऐकून खूश होऊ नका, लिटरही विचारा.

त्याहून महत्त्वाचं नोझल. बहुतेक मशीनांबरोबर रंगीत नोझल येतात: लाल शून्य अंशाचं, म्हणजे सरळ सुईसारखी धार, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४० अंशाचं. लाल नोझल घराच्या कामात पेटीतच राहू द्या. तेच दोनशे बारचं मशीन पांढऱ्या नोझलनं दोन फुटांवरून चालवलं तर भिंत धुतली जाते आणि लाल नोझलनं चार इंचांवरून चालवलं तर प्लास्टर उखडतं. म्हणून "मशीन केवढं" यापेक्षा "कुठे कोणतं नोझल लावणार आणि किती लांबून मारणार" हा प्रश्न विचारा. माणूस गोंधळला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

अंगणासाठी त्याच्याकडे सरफेस क्लीनर आहे का पाहा. गोल झाकणाखाली दोन नोझल फिरतात, फरशी एकसारखी निघते आणि चिखल भिंतीवर उडत नाही. नुसत्या गननं फरशी धुतली की वाळल्यावर पट्टे दिसतात, आणि ते पुसून जात नाहीत.

काळाकातळ
ताई, तुम्ही एक काम म्हणून विचारताय, पण यादीत पाच वेगवेगळी कामं आहेत. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

दगडी कंपाउंड. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्याला जेटनं काही होत नाही. प्रश्न दर्जांचा, म्हणजे दगडांमधल्या भरलेल्या सांध्यांचा. बंगला जुना आहे म्हणता, तर दर्जा चुन्याच्या आहेत की सिमेंटच्या ते आधी पाहा. खिळ्यानं खरवडून भुकटी पडत असेल तर जोराची धार लावू नका, सगळा मसाला बाहेर येईल आणि पुढच्या पावसात भिंत आतून पाणी पीत बसेल.

पेव्हर ब्लॉक. शेवाळ निघतं, पण सांध्यांतली वाळूही निघते. ती परत भरली नाही तर ब्लॉक गाडीच्या चाकाखाली हलायला लागतात. फरशी वाळल्यावर बारीक कोरडी वाळू झाडून भरणं कामात धरलं आहे का, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. हा खर्च बहुतेक जण बोलतच नाहीत.

शहाबादी. हा चुनखडीचा दगड. धार मध्यम ठेवा, कारण जुनी शहाबादी पापुद्र्यांनी सुटते. अ‍ॅसिडचं नावही काढू देऊ नका.

गच्ची. इथे मी सर्वांत जास्त घाबरेन. चायना मोझॅकच्या तुकड्यांमधले सांधे आधीच भुसभुशीत असतात. तिथे जेट मारला की पाणी खालच्या ब्रिकबॅट कोब्यात (विटांच्या तुकड्यांच्या थरात) शिरतं, आणि तिथे शिरलेलं पाणी कधी आणि कुठल्या खोलीच्या छताला फुटेल याचा नेम नाही. गच्चीला ताठ ब्रश, पाणी आणि माणसाचे हात पुरेत. धुण्याआधी पावसाळी पाइपाच्या तोंडावर जाळी किंवा पोतं लावायला सांगा, नाहीतर सगळं शेवाळ पाइपात जाऊन बसतं.

राहिली रंगवलेली भिंत. ती जेटनं "घासायची" नसते. आधी शेवाळ मारायचं, मग हलक्या धारेनं धुवायचं. भेगा असतील तर त्या आधी बुजवायच्या. आणि एक विचारतो, उत्तरेच्या भिंतीला वर्षातला बराच काळ थेट ऊन नाही हे खरं, पण हिरवा पट्टा संपूर्ण भिंतीवर आहे की एका रेषेत? रेषेत असेल तर वर टाकीचा ओव्हरफ्लो, फुटका पाइप किंवा छज्ज्याची कड बघा. ते दुरुस्त केल्याशिवाय धुतलंत तर पुढच्या श्रावणात हाच धागा वर काढावा लागेल.

प्राजक्त
काका, खूप आभार. आत्ताच जाऊन पाहिलं, पट्टा बरोबर टाकीच्या ओव्हरफ्लोखालून सुरू होतो. प्लंबरला बोलावते आहे. आणि अ‍ॅसिडचं म्हणालात म्हणून सांगते, पहिला माणूस हेच म्हणाला होता: "शहाबादीला अ‍ॅसिड मारतो, चकाचक होईल."

काळाकातळ
होईलच चकाचक, कारण वरचा थर विरघळून जातो. चुनखडीवर अ‍ॅसिड टाकलं की फेस येतो, तो मळ निघतोय म्हणून नसतो, दगड निघतोय म्हणून असतो. त्यानंतर फरशी खरबरीत होते आणि शेवाळ आणखी घट्ट धरते. कोटा फरशीलाही हेच लागू.

रंगारी
मी याच धंद्यात आहे, म्हणून कोणाचं नाव सुचवत नाही, स्वतःचंही नाही. फक्त भावाबद्दल बोलतो.

उक्तं सांगणारा प्रत्येक जण लबाड नसतो. छोटं काम असेल तर आम्हीही उक्तंच सांगतो. पण गच्ची न बघता सांगितलेला आकडा म्हणजे एक तर त्यात भरपूर हवा भरलेली असते, नाहीतर काम अर्ध्यात आल्यावर "हे त्यात नव्हतं" सुरू होतं. चौरस फुटाच्या भावात मात्र माप कोणतं धरलं ते विचारा: खिडक्या-दारं वजा केली का, कंपाउंडची एक बाजू की दोन्ही, परांची लागली तर ती वेगळी का. तुमच्याकडे वरच्या मजल्याची भिंत आहे, ती शिडीवर उभं राहून जेटनं धुणारा माणूस मी कामावरच घेत नाही. गन मागे रेटते, शिडी ओल्या फरशीवर असते. परांची किंवा लांब दांडी हवीच.

शेवाळाला आम्ही हायपो वापरतो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पाणी घालून पातळ केलेलं. मारायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, मग साध्या पाण्यानं काढायचं. झाडांना आधी आणि नंतर भरपूर पाणी मारून घ्या, शक्य तर प्लास्टिक घाला. आणि ज्या दिवशी हायपो, त्या दिवशी त्या आवारात अ‍ॅसिड आणायचंच नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद पार्किंगमध्ये तो जीवघेणा आहे. हे कामगारांना माहीत असतंच असं नाही, त्यांनाही सांगा.

कोणालाही काम देण्याआधी एक नमुना मागा. अंगणाचा कोपरा, भिंतीचा दोन-बाय-दोनचा तुकडा. तो वाळल्यावर पाहा, ओला असताना सगळंच स्वच्छ दिसतं. नमुन्याला नाही म्हणणाऱ्याशी पुढे बोलू नका.

पानशेत
पाण्याचं कोणी बोललंच नाही. मिनिटाला बारा लिटर धरले तर तासाला ७२० लिटर झाले, तेही गन सतत चालू ठेवली तर. पाच-सहा तासांचं काम म्हणजे तुमची टाकी किती वेळा रिकामी होईल ते बघा. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की ते बहुधा गुरुवारी, तो वार तर टाळाच. बोअर असेल तर बोअरचं वापरा, पण मशीनच्या तोंडाला गाळणी हवी, वाळूनं पंप जातो. आणि बोअरचं जड पाणी काचांवर वाळू देऊ नका, पांढरे डाग पडतात.

तिरकस पेठकर
किंवा खराट्यानं घासा. आमच्या वाड्यात तेच चालायचं.

पानशेत
वाड्यात घासायला माणसंही होती, पेठकर.

गच्चीवरची
आमच्या सोसायटीचं हे काम समितीत असताना मी बघितलं आहे, त्यातलं वर न आलेलं तेवढंच सांगते.

मीटरची पेटी, बेल, सीसीटीव्ही, बाहेरचे दिवे, एसीचं बाहेरचं युनिट: सगळं आधी प्लास्टिकनं बांधून घ्या आणि बांधलेल्याचे फोटो काढा. मशीन तुमच्या विजेवर चालणार असेल तर १६ अँपिअरचा पॉइंट हवा आणि मध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. ओल्या अंगणात बारीक वायरचं एक्स्टेन्शन लोळताना दिसलं तर काम थांबवा.

सोलर पॅनेलवर जेट मारू देऊ नका. मऊ ब्रश आणि साधं पाणी, तेही सकाळी पॅनेल तापायच्या आत.

मागे गॅरेजवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत का? त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. जेटनं त्याचे तंतू मोकळे होतात आणि वाळल्यावर हवेत उडतात. ते पत्रे धुवायचेच नाहीत. कबुतरांची घाण असेल तर तीही कोरडी असताना धारेखाली आणू नका, आधी भिजवून मग मास्क लावून काढायची.

पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडलं असेल तर त्या दिवशी तो व्हॉल्व्ह बंद ठेवा. हायपो जमिनीत कशाला?

बाराचा पाना
+१. आणि गनच्या पुढे कोणी हात-पाय आणू नये, बूट घालूनच काम करावं. या दाबाची धार कातडीत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत पाणी-घाण पसरलेली असते. मलम लावून बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं, आणि "प्रेशर मशीनचं लागलंय" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

वाचक_बिबवेवाडी
वाखुसा (वाचनखूण साठवली). एक भाबडा प्रश्न: मशीन विकतच घेतलं तर?

बाराचा पाना
अंगण आणि गाडी यासाठी घरगुती मशीन ठीक आहे, दरवर्षी उपयोगाला येतं. दोन मजली भिंतीसाठी घेऊ नका. बोहरी आळीत जाऊन हातात धरून बघा, पाइप किमान आठ मीटरचा आणि सुटे भाग इथे मिळतात ना एवढं पाहा. बाकी त्यावरची वैशिष्ट्यं वाचण्यात वेळ घालवू नका.

प्राजक्त
मंडळी, अपडेट. दोघांनाही नमुना मागितला. पहिला म्हणाला, एवढ्याशा कामासाठी मशीन आणणं परवडत नाही, आणि फोन ठेवला. दुसरा आला. अंगणाच्या कोपऱ्यात चार फरशा आणि भिंतीचा एक तुकडा करून दाखवला. भिंतीवर आधी काहीतरी फवारलं, चहा होईपर्यंत थांबला, मग पांढरं नोझल लावलं. मी नोझलचं विचारल्यावर माझ्याकडे जरा दचकूनच बघितलं त्यानं! फरशी वाळल्यावर पट्टे नाहीत, भिंतीचा जुना रंग थोडा फिका झाला आहे पण निघालेला नाही.

गच्ची कामातून काढली, ती बाई लावून ब्रशनं घासून घेणार. त्यामुळे त्याचा आकडाही खाली आला. पेव्हरची वाळू, परांची आणि झाडं झाकणं हे सगळं लिहून दिलं आहे त्यानं. आता फक्त पैशांचं ठरायचं आहे, तो निम्मे आधी मागतो.

रंगारी
निम्मे जास्त झाले. सामानापुरते द्या, साधारण पाव हिस्सा. मोठा हप्ता काम संपल्यावर आणि थोडी रक्कम भिंत-फरशी पूर्ण वाळून तुम्ही पाहिल्यावर. चांगला माणूस याला कुरकुरतो, पण मान्य करतो. आणि ओव्हरफ्लोचं काम झाल्याशिवाय त्याला तारीख देऊ नका.

काळाकातळ
अनुमोदन. पुढच्या वर्षी रंगाचं काम काढणार आहात ना? मग त्या वेळी धुणं एप्रिलच्या सुरुवातीला करा. भिंत उन्हात नीट सुकू द्या, भेगा भरा, मग प्रायमर. ओल्या भिंतीवर रंग दिला तर लोणा आणि फुगे दोन्ही येतील. यंदाचं धुणं तात्पुरतं आहे एवढं धरून चाला.

वाचक_बिबवेवाडी
प्राजक्तताई, दुसऱ्या माणसाचा नंबर व्यनि कराल का?

प्राजक्त
काम होऊ दे आधी. मग ज्यांनी मागितला आहे त्या सगळ्यांना करते.