शिकाऊ माणसाने जुनं सीएनसी (संगणकाने चालणारं) मिलिंग मशीन घ्यावं का? माझं मत : नाही

फावला वेळ
सल्ला ठरलेला असतो : "नव्या हलक्या मशीनच्या पैशांत जुनी व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) मिळते. ओतीव बेड, बीटी ४० स्पिंडल, घेऊन टाक." मी ऐकलं, घेतलं. पहिले दोन महिने पॉकेटचं (कोरलेल्या खाचेचं) माप ०.०४ मिमीने चुकत राहिलं. कटरचा ऑफसेट (मापाची दुरुस्ती) बदलला, फीड (सरकण्याचा वेग) कमी केला, प्रोग्राम तीनदा नव्याने लिहिला. शेवटी दोष निघाला एक्स अक्षाच्या बॉलस्क्रूत, म्हणजे टेबल सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्यात. जाणत्याने अर्ध्या तासात ओळखला असता. मला मात्र चूक माझी की मशीनची, हेच ठरवता येईना. पहिलं मशीन छोटं असलं तरी चालेल, पण धड हवं.

डायलवाला
अजिबात पटलं नाही. तुम्ही न तपासता घेतलंत, त्यात मशीनचा काय दोष? हेडला मॅग्नेटिक बेस लावून डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) टेबलावरच्या वायसला टेकवा. एक्स एकाच दिशेने आणून डायल शून्यावर घ्या, त्याच दिशेने ०.१ मिमी पुढे जा, मग ०.१ मागे. काटा शून्यावर न येता ०.०३ वर थांबला, तर तेवढा बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल). मध्यावर आणि दोन्ही टोकांना बघा. सगळीकडे सारखा असेल तर कंट्रोलरच्या पॅरामीटरमध्ये (सेटिंगमध्ये) भरपाई टाकता येते. मध्ये जास्त नि टोकांना कमी, म्हणजे स्क्रू झिजलाय (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, नेहमी मध्येच लागतो ना!), आणि ती झीज एका आकड्याने झाकत नाही. दहा मिनिटांचं काम. शिवाय हलक्या मशीनवर स्टीलमध्ये कटर थरथरतो, तेव्हा तरी चूक कोणाची ते कुठे कळतं?

पॅनेलमागचा
बॉलस्क्रूवरून काय भांडताय, तो बदलता येतो. जुन्या मशीनचा जीव कंट्रोलरात असतो. जुन्या फॅनक कंपनीच्या कंट्रोलरचे पॅरामीटर बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. मशीन काही वर्षं बंद पडून राहिलं, बॅटरी संपली, की पॅरामीटर पुसले गेले. त्यांची छापील यादी किंवा बॅकअप आहे का, हे आधी विचारा. बॅटरी बदलायची तीही कंट्रोल चालू ठेवूनच. हे ठाऊक नसलेल्यांनी चालती मशीनं मुकी केलेली पाहिली आहेत.
मेमरीचंही बघा. जुन्या कंट्रोलरची मेमरी कागदी टेपच्या लांबीत सांगतात; ८० मीटर टेप म्हणजे जेमतेम ३२ केबी. साच्याचा वळणदार प्रोग्राम त्यात मावत नाही, संगणकातून आरएस-२३२ केबलवरून थोडा थोडा सोडत बसावं लागतं.
तरी मी म्हणेन घ्या, पण चालू स्थितीतलं.

रेट्रोफिट
कंट्रोलर काढून लिनक्ससीएनसी (साध्या संगणकावर चालणारं कंट्रोल सॉफ्टवेअर) बसवा, कटकट संपली.

फावला वेळ
एका ओळीत संपवलंत! ड्राइव्ह (मोटर चालवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), एन्कोडर, लिमिट स्विच, टूल चेंजरचं लॉजिक, स्पिंडल ओरिएंटेशन, हे सगळं जुळवू शकणारा माणूस शिकाऊ राहिला का? वर्षभर वायरिंगच करेल, कटिंग शिकणार कधी?

रेट्रोफिट
वायरिंग करता करताच मशीन समजतं. पण वर्ष जातं, हे खरं आहे.

रविवारी बघायला जातोय
बोलणी झाली आहेत हो! साडेतीन टनांचं आहे. माझ्याकडे वीज सिंगल फेज.

डायलवाला
आधी थ्री फेजची सोय, फरशी आणि दाराची उंची बघा. विकणाऱ्याला सांगा, मी येईपर्यंत मशीन सुरू करू नका. जुन्या ड्राइव्हचे नखरे थंड असतानाच कळतात. मग स्पिंडल वरच्या वेगाने अर्धा तास फिरवा, आवाज ऐका, टूल चेंजर वीसेक वेळा चालवा. स्लाइडवर तेलाचा पातळ थर दिसला पाहिजे. कोरडी असेल तर तेलाची लाइन तुंबलेली असू शकते. शेवटी एक गोल जॉब कापून घ्या. अक्ष दिशा बदलतात त्या चार जागी पायरी दिसली, तर तिथेच डायल लावा.

रविवारी बघायला जातोय
डायल माझ्याकडे नाही.

फावला वेळ
माझ्याकडेही नव्हता.