क्रिकेट वर्गाच्या कोचना झालेली अटक : ठेवायचं की नाही, आणि माणूस कसा ओळखायचा

प्रेषक: अनघा (क्रीडा समिती)

नमस्कार मंडळी,

पालकांच्या ग्रुपवर काल रात्रीपासून जे चाललंय ते इथे आणू नका, ही पहिली विनंती. समितीला माहीत आहे ते एवढंच: आपल्या मंडळाच्या १२ वर्षांखालच्या मुलांच्या क्रिकेट वर्गाच्या कोचना शुक्रवारी रात्री साडेअकराच्या सुमारास दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, कोणाला इजा झालेली नाही. शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः फोन करून कळवलं. चाचणीत रक्तातलं अल्कोहोल ०.११ टक्के आलं, हेही त्यांनीच सांगितलं.

त्यांचं नाव लिस्टवर कोणी लिहू नये. इथले मेल वर्षानुवर्षं शोधता येतात आणि खटला अजून उभाही राहिलेला नाही.

येणाऱ्या मेलमध्ये दोन प्रश्नांची सरमिसळ होते आहे. एक, त्यांना वर्गावर ठेवायचं का. दुसरा, माणूस म्हणून ते कसे. गुरुवारी कार्यकारिणीची बैठक आहे. विद्याताई, आधी कोर्टाची बाजू सांगाल का?

अनघा

प्रेषक: विद्या

अनघा,

कॅलिफोर्नियात अशा अटकेनंतर दोन चाकं वेगवेगळी फिरतात, एक डीएमव्हीचं (राज्याचं वाहन परवाना खातं) आणि एक कोर्टाचं. पोलीस परवाना तिथेच काढून घेतात आणि त्याऐवजी गुलाबी कागद देतात. तो ३० दिवस परवाना म्हणून चालतो. पण डीएमव्हीकडे सुनावणी मागायची ती अटकेपासून १० दिवसांच्या आत. लोक कोर्टाच्या तारखेची वाट बघत बसतात आणि हे १० दिवस हातचे जातात. मग ३० दिवस संपले की परवाना आपोआप निलंबित होतो, पहिल्या वेळी ४ महिने. चाचणीच नाकारली असेल तर वर्षभर. कोचना कोणी भेटणार असेल तर आधी हे सांगा, मत नंतर द्या.

०.११ हा आकडा कोणत्या यंत्राचा, हेही महत्त्वाचं. रस्त्याच्या कडेला हातातल्या यंत्रात फुंकायला लावतात ती चाचणी २१ वर्षांवरच्या माणसाला नाकारता येते, फक्त तो आधीच्या अशाच गुन्ह्याच्या प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या देखरेखीखाली) नसावा. अटकेनंतरची श्वासाची किंवा रक्ताची चाचणी मात्र सक्तीची. श्वासाच्या चाचणीआधी १५ मिनिटं माणसावर सलग नजर ठेवावी लागते. मध्ये ढेकर किंवा उलटी आली तर ती १५ मिनिटं पुन्हा मोजायची, कारण पोटातली दारू तोंडात येते आणि आकडा फुगतो. वकील पहिल्यांदा हेच तपासतात.

आता जे लोक म्हणतायत की कोर्टाचा निकाल येऊ दे मग बोलू, त्यांच्यासाठी. खटला काही महिने चालेल आणि बहुधा तडजोडीने मिटेल. कायदा दोन कलमं एकदम लावतो, नशेत गाडी चालवली आणि रक्तात ०.०८ किंवा जास्त अल्कोहोल होतं. पुरावा जरा डळमळीत असला की सरकारी वकील ‘वेट रेकलेस’वर राजी होतात, म्हणजे बेदरकार चालवणं, दारूच्या नोंदीसह. पुढच्या १० वर्षांत पुन्हा पकडलं तर तेही आधीचा गुन्हा म्हणून धरतात. बेसबॉलचे प्रशिक्षक टोनी ला रुसा २०२० च्या फेब्रुवारीत फिनिक्समध्ये ०.०९५ वर पकडले गेले आणि डिसेंबरात नुसत्या बेदरकार चालवण्याचा गुन्हा कबूल करून सुटले. २००७ मध्ये फ्लोरिडात ते सिग्नलवर गाडीतच झोपलेले सापडले होते. कागदावरच्या शेवटच्या शब्दावरून त्या रात्री काय घडलं ते कळत नाही, माणूस कसा ते तर नाहीच. तेव्हा त्या निकालाची वाट बघण्यात अर्थ नाही.

पहिल्या गुन्ह्यात साधारण ३ वर्षांचं प्रोबेशन, मूळ दंड ३९० ते १,००० डॉलर (वरचे अधिभार धरून त्याच्या कितीतरी पट), आणि ३ महिन्यांचा, ३० तासांचा वर्ग. आकडा ०.२० किंवा जास्त असता तर ९ महिने, ६० तास. गाडीत १४ वर्षांखालचं मूल असतं तर वर किमान ४८ तास तुरुंग. आपल्या प्रकरणात ते नव्हतं, पण वर्गाच्या सगळ्या कोचनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे बरेच जण एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहेत म्हणून हेही लिहिते. नुसत्या अटकेवरूनही परराष्ट्र खातं पासपोर्टमधला व्हिसा रद्द करू शकतं, दोष सिद्ध व्हायची गरज नसते. इथलं राहणं त्याने थांबत नाही, पण पुढच्या वेळी मुंबईला नवा व्हिसा घ्यायला, म्हणजे स्टॅम्पिंगला, गेलं की ठरलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवणं हा गंभीर गुन्हा धरला आहे, एकाच प्रकरणावरूनही सीमेवरून परत पाठवू शकतात. टोरांटोच्या स्पर्धेला कोचचं तिकीट काढलं असेल तर थांबा.

विद्या

प्रेषक: प्रशांत

सर्वांना नमस्कार.

विद्याताई, कायदा कळला. पण चारित्र्य कोर्टात ठरत नाही हे मान्य असेल, तर ते त्या रात्रीच दिसलं, असं मी म्हणतो. खिशात फोन होता, फोनवर उबर होतं. किल्ली फिरवणं हा निर्णय होता. आपल्यातल्या अनेकांच्या डोक्यात अजून नाकाबंदी आणि पावती असते. भारतात मर्यादा ०.०३ आहे, इथल्यापेक्षा कितीतरी कडक, पण सुटता येतं या भरवशावर माणसं चालवतात. तो भरवसा इथे घेऊन येऊ नये.

अमेरिकन फुटबॉलच्या कॅन्सस सिटी चीफ्स संघाचे सहाय्यक कोच ब्रिट रीड, ४ फेब्रुवारी २०२१, सुपर बोलच्या (मोसमाच्या अंतिम सामन्याच्या) तीन दिवस आधी. हायवेच्या रॅम्पजवळ थांबलेल्या गाड्यांवर त्यांनी गाडी घातली. पाच वर्षांच्या मुलीच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्यांचा आकडा ०.११३ होता. आपल्या कोचचा ०.११. मधला फरक यंत्राच्या चुकीत बसतो. तिथे समोर गाडी उभी होती, इथे नव्हती. नशिबाने वाचलेल्या माणसाचं चारित्र्य न वाचलेल्यापेक्षा बरं कसं?

आणि स्वतः सांगितलं म्हणून जे कौतुक चाललंय त्याबद्दल. मुलांबरोबर काम करतात म्हणून त्यांच्या बोटांचे ठसे लाइव्ह स्कॅनने (डिजिटल पद्धतीने) घेतलेले आहेत. ठसे दिल्यानंतर कधीही अटक झाली की राज्याच्या न्याय खात्याकडून मंडळाला कळतंच. तेव्हा फोन केला नसता तरी आज ना उद्या कळलंच असतं. या मोसमात त्यांनी वर्ग घेऊ नये असं माझं मत.

प्रशांत

प्रेषक: मीनल

प्रशांतदादा, ०.११ चं गणित मांडते, कारण त्यातूनच पुढे काय विचारायचं ते कळतं.

अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ४० टक्क्यांची दारू असेल तर सुमारे ४४ मिली. आपल्या घरगुती पार्टीत ४२.८ टक्क्यांच्या भारतीय व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज भरतात, त्यात २० ग्रॅम असतं. म्हणजे एक लार्ज जवळपास दीड ड्रिंक, आणि तोही मापाने ओतला तर. ७५ किलोच्या पुरुषाला तीन तासांनंतर ०.११ वर असायला असे चार लार्ज लागतात. ‘दोनच घेतले होते’ असं उद्या कोणी म्हणालं तर ते या हिशोबात बसत नाही. चार घेतले असं स्वतःहून सांगणारा माणूस आणि दोनच म्हणणारा माणूस यांत मी फरक करीन.

शरीर तासाला साधारण ०.०१५ उतरवतं. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही ते वाढत नाही. रात्री साडेअकराला ०.११ असेल तर शून्यावर यायला सकाळचे सात वाजतात. ०.१८ असेल तर सकाळी आठला, आपला वर्ग सुरू होतो त्या वेळी, अजून ०.०५ असतं. तो माणूस स्वतःला ठणठणीत समजतो, वासही येत नाही, पण जवळून मारलेल्या चेंडूवर त्याची प्रतिक्रिया उशिरा येते. नेट्समध्ये बॉलिंग मशीन चालवणाऱ्या माणसाबद्दल मला याच सकाळची जास्त काळजी आहे. आदल्या रात्री प्यायलेल्या माणसाने शनिवारी वर्गावर यायचं नाही हा नियम अटक होवो न होवो, सगळ्या कोचना हवा.

एका अटकेवरून व्यसन आहे की नाही ते ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, गुण ० ते ४०. ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या हद्दीत आहे असं धरतात. ती त्यांच्या डॉक्टरांनी करावी, समितीने नाही, आणि गुण समितीला मागू नयेत. तपासणी झाली आणि सांगितलेला सल्ला पाळतो आहे, एवढं पत्र पुरे.

बास्केटबॉलचे कोच बॉब हगिन्स २००४ मध्ये सिनसिनाटीला पकडले गेले आणि पुढे कोच म्हणून परतले. जून २०२३ मध्ये पिट्सबर्गला ०.२१ वर पुन्हा सापडले आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यावा लागला. उलट अमेरिकन फुटबॉलचे कोच स्टीव्ह सार्किशियन यांना २०१५ मध्ये यूएससी या विद्यापीठाने दारूच्या प्रश्नावरून काढलं, त्यांनी उपचार घेतले, आणि २०२१ मध्ये ते टेक्सास विद्यापीठाचे मुख्य कोच झाले. पहिल्या घटनेच्या दिवशी या दोघांत फरक सांगता आला नसता.

आणि मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये डिकी उघडते, बिअरचा कूलर निघतो, मुलं बाजूला पॅड सोडत असतात. हे आपण सगळे बघतो. कोचकडे बोट दाखवताना तो कूलरही बंद व्हायला हवा.

मीनल

प्रेषक: मकरंद

सर्व सभासदांस नमस्कार.

प्रशांत, तुझा मुद्दा खरा आहे, नशिबाला चारित्र्य म्हणता येत नाही. पण म्हणूनच त्या रात्रीवरून दोन्ही बाजूंनी फार काही काढता येत नाही. पुढचे तीन-चार महिने मात्र बघता येतात. ते ज्यावर बघायचं ती कामं मी मांडतो, कारण अटी घालताना आपणच चुका करतो.

परवान्यापासून सुरुवात. निलंबनाच्या काळात मर्यादित परवाना मिळतो तो नोकरीला जाण्या-येण्यासाठी, कामासाठी आणि त्या ३० तासांच्या वर्गासाठी. स्वयंसेवक म्हणून क्रिकेट शिकवणं ही नोकरी नव्हे. तो परवाना घेऊन ते मैदानावर गाडीने आले तर नवा गुन्हा होतो, आणि आपण बोलावलं म्हणून होतो. दुसरा मार्ग गाडीला श्वास तपासणारं यंत्र बसवण्याचा. ते असेल तर कुठेही जाता येतं, पण फक्त यंत्र बसवलेल्या गाडीनेच. मंडळाची किटची व्हॅन चालवता येणार नाही. चटया आणि स्टंप कोण आणणार, हे आधी ठरवा, नाहीतर एखाद्या पहाटे ‘आजच्या दिवस’ म्हणून किल्ली त्यांच्याच हातात जाईल. मुलांना त्यांच्या गाडीतून नेणं आणणं पूर्ण बंद, पालकांची संमती असली तरी.

कॅलिफोर्नियाच्या एबी ५०६ या कायद्याने २०२२ पासून महिन्याला १६ किंवा वर्षाला ३२ तासांहून जास्त मुलांबरोबर असणाऱ्या स्वयंसेवकांची तपासणी आणि प्रशिक्षण सक्तीचं आहे. न्याय खात्याकडून आलेला कागद फक्त नेमलेल्या व्यक्तीने बघायचा. तो लिस्टवर किंवा ग्रुपवर टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. प्रशांत म्हणतो तशी सूचना येते, पण ती येण्याआधी, दुसऱ्याच सकाळी फोन आला. त्याला मी पूर्ण गुण देत नाही, पण शून्यही देत नाही.

मी काय बघेन ते सांगतो. पालकांसमोर ते एकदा उभे राहून सरळ बोलतात का, ‘पोलिसांनी उगाच’ हे शब्द न वापरता. व्हॅनची अट न कुरकुरता पाळतात का. डॉक्टरांचं पत्र मागायच्या आधी येतं का. आणि मुलांनी विचारलं तर काय सांगतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सगळं कळलेलं असतं. जो कोच चुकीचा फटका मारलेल्या मुलाला ‘बाद झालास, चालत ये’ म्हणतो, त्याने स्वतः बाद झाल्यावर क्रीजवर उभं राहून वाद घालू नये.

ला रुसांच्या बाबतीत मला जास्त खटकलं ते क्लबचं वागणं. शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाला फेब्रुवारीतली अटक माहीत होती, ऑक्टोबरात त्यांची नेमणूक जाहीर केली, आणि लोकांना ती अटक नोव्हेंबरात बातम्यांतून कळली. आपण तसं करू नये. पालकांना मंडळाकडून कळायला हवं, तेही या आठवड्यात.

मकरंद

प्रेषक: अनघा (क्रीडा समिती)

धन्यवाद. गुरुवारी मांडण्यासाठी ठरावाचा मसुदा:

कोच ९० दिवस मैदानावर येणार नाहीत. या काळात सरावाचा आराखडा घरून करून देऊ शकतात. ९० दिवसांनी डॉक्टरांचं पत्र आणि परवान्याची स्थिती बघून, दुसऱ्या प्रशिक्षकाच्या जोडीने, परत घेण्याचा विचार. मुलं बसलेली किंवा मंडळाची कोणतीही गाडी चालवायची नाही, ही अट वर्षभर. दरम्यान पुन्हा अटक झाली किंवा काही लपवल्याचं कळलं तर चर्चा न करता बाहेर. आदल्या रात्रीचा नियम आणि कूलरबंदी सगळ्या संघांना, मोठ्यांच्याही. टोरांटोला दुसरे प्रशिक्षक जातील. किटची व्हॅन शनिवारी सकाळी सात वाजता चालवायला दोन नावं हवीत.

प्रशांतदादा, पूर्ण मोसम बंद ठेवावं ही तुमची सूचना पर्याय म्हणून त्याच कागदावर लिहिली आहे, मतदान दोन्हींवर होईल. पालकांना जाणारं पत्र विद्याताई उद्या तपासून देतील. मसुद्यात बदल हवे असतील तर बुधवारी रात्री नऊपर्यंत फक्त मला पाठवा, लिस्टवर नको.

अनघा