शेवेच्या बरणीच्या झाकणालाच कोळिणीने घरटे केले आहे. अंडी आणि पिल्ले कशी जपावीत?

रामबागवाली

नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मार्चच्या शेवटी माझ्या बारा वर्षांच्या मुलाला न्हाणीघराच्या खिडकीच्या जाळीवर उड्या मारणारा एक कोळी सापडला आणि त्याने हट्टाने तो शेवेच्या रिकाम्या, धुऊन कोरड्या केलेल्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवला. लांबी साधारण एक सेंटिमीटर, रंग तपकिरी, पाठीवरून मागपर्यंत गेलेला फिकट पट्टा आणि पोटाच्या मागच्या भागावर दोन पांढरे ठिपके, असे त्याचे रूप आहे. पहिले दोन आठवडे तो रोज एखादी माशी झडप घालून पकडत असे, आणि बरणीजवळ बोट नेले की अंगाचा पुढचा भाग उचलून बोटाकडे टक लावून पाहत असे.

अकरा दिवसांपूर्वी मात्र त्याने, खरे तर तिने, झाकणाच्या आतल्या कडेला पांढऱ्या रेशमाची जाड झोळी विणली आणि तेव्हापासून ती बाहेर आलेली नाही. टॉर्च लावून पाहिले तर आत खसखशीएवढ्या, फिकट पिवळसर दाण्यांचा पुंजका दिसतो. अडचण अशी आहे की झाकण फिरवले की झोळी ताणली जाते, आणि न फिरवावे तर तिला अन्नपाणी देता येत नाही. नर आम्ही कधी पाहिलाच नाही. मग ही अंडी फळतील का? आईला वेगळे काढावे का? इथे एप्रिलचे ऊन आता चांगलेच तापले आहे, तेव्हा बरणी कूलरच्या खोलीत ठेवावी की नको, हेही कोणी सांगावे. मुलगा तिला ‘कोळीणबाई’ म्हणतो आणि शाळेतून आल्यावर दप्तर ठेवण्याआधी बरणी पाहतो, त्यामुळे प्रश्न जरा जिव्हाळ्याचा झाला आहे.

अष्टपाद

तुमच्या वर्णनावरून ही प्लेक्सिपस या वंशातली, बहुधा प्लेक्सिपस पायकुली या जातीची मादी असावी. आपल्या घरांच्या भिंतींवर ती सर्रास दिसते आणि तिचा नर काळसर अंगावर ठळक पांढरे पट्टे असलेला असतो. नर दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. कोळ्याची मादी नराचे शुक्रबीज शरीरातल्या खास पिशव्यांत साठवून ठेवते, आणि एका मीलनावर ती पुढे एकामागून एक अंड्यांच्या अनेक पुरचुंड्या घालू शकते. तुमची मादी बाहेरूनच आलेली असल्यामुळे तिचे मीलन आधीच झालेले असण्याची शक्यता पुष्कळ आहे. फलित नसलेली अंडी काही दिवसांत सुकून पिचतात किंवा त्यांवर बुरशी धरते. अकरा दिवसांनंतरही दाणे गोल आणि टवटवीत दिसत असतील, तर लक्षण चांगले आहे.

आईला मुळीच वेगळे काढू नका. ती झोळीत नुसती बसलेली नसून पहारा देत असते आणि झोळी फाटली की ती पुन्हा विणते. मी पहिल्या वर्षी उत्सुकतेपोटी सुईने झोळी उसवून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मादी ऐटीत बसलेली होती आणि अंडी मात्र तिने खाऊन टाकलेली होती. तेव्हापासून टॉर्चसुद्धा मी क्षणभरच लावतो.

झाकणाचा प्रश्न नवा नाही. हे कोळी नेहमी उंचावरची जागा निवडतात, म्हणून जाणकार मंडळी बाजूने उघडणारी डबी वापरतात. आता झाकणाला हात न लावता बरणीच्या कुशीत, तळापासून चार बोटे वर, तापवलेल्या दाभणाने पेन्सिल जाईल एवढे एक भोक पाडा आणि त्याला कापसाचा बोळा बसवा. तिथूनच अन्नपाणी द्या. हवेसाठी समोरच्या बाजूला बारीक सुईची दहा-बारा भोके पुरे होतात, परंतु ती पिल्लांना निसटता येणार नाही इतकी बारीक असू द्या, कारण बाहेर पडताना पिल्लू जेमतेम दोन मिलिमीटरचे असते. या काळात मादी फारसे खात नाही. आठवड्यातून एकदा लहानशी माशी आत सोडावी आणि दोन दिवसांत खाल्ली नाही तर काढून टाकावी. रातकिडा कधीही सोडू नये, कारण तो अंडी कुरतडतो.

उष्णतेबद्दल सांगायचे तर पंचवीस ते तीस अंश तापमान तिला मानवते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातली चाळिशी बंद बरणीत जीवघेणी ठरू शकते. कूलरची खोली चालेल, पण बरणी थेट झोतात नको, कारण एका बाजूने दमट आणि दुसऱ्या बाजूने वारा अशा ठिकाणी बुरशीही येते आणि सुकवणही होते. दिवसाआड बरणीच्या आतल्या भिंतीवर, झोळीपासून दूर, अगदी बारीक तुषार मारावेत. मोठ्या थेंबात पिल्ले बुडून मरतात. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: ज्या खोलीत डास मारण्याचे विजेवरचे यंत्र लावता, त्या खोलीत ही बरणी ठेवू नका. त्यातले औषध डासांइतकेच कोळ्यांनाही मारते. मुंग्यांसाठी ओढायच्या खडूचेही तेच. मुंग्यांपासून बचाव हवा असेल तर आजीच्या काळचा उपाय पुरेसा आहे: ताटलीत पाणी आणि पाण्यात बरणी.

सुदामानगर

वरच्या उत्तरात जवळपास सगळे आले आहे, पण पिल्लांचे अन्न राहिले, आणि माझ्या अनुभवाने खरी परीक्षा तिथेच असते. अंड्यातून निघालेली पिल्ले आधी झोळीतच राहतात; ती दुधाळ रंगाची, जवळजवळ हलणारी नसलेली असतात आणि पोटातल्या बलकावर जगतात. कात टाकून रंग आल्यावरच ती बाहेर पडतात. अंडी घातल्यापासून इथपर्यंत उष्णतेनुसार तीन ते पाच आठवडे जातात, आणि बाहेर पडल्यावर दोन-चार दिवसांत त्यांना शिकार लागते. तेव्हा धावाधाव केली तर फार उशीर होतो.

त्यांना लागतात ती पिकलेल्या केळ्यावर जमणारी चिलटे. कुस्करलेले केळे, चमचाभर गूळ आणि चिमूटभर यीस्ट रुंद तोंडाच्या बाटलीत घाला, चिलटे आत शिरू द्या आणि तोंडाला मलमलीचा तुकडा रबराने बांधा. दहा-बारा दिवसांत नवी पिढी निघते. गेल्या मे महिन्यात माझ्या तीनही बाटल्या वाया गेल्या आणि आधी मला वाटले की केळीच खराब होती. तीस अंशांच्या पुढे चिलटांचे नर वांझ होतात, हे नंतर कळले. तेव्हापासून बाटल्या मी घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, माठाशेजारी ठेवतो. चिलटे बरणीत सोडण्यापूर्वी चार-पाच मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की सुस्तावतात आणि उडून जात नाहीत.

पिल्ले पहिला आठवडाभर एकत्र राहिली तरी चालते; त्यानंतर भुकेली पिल्ले एकमेकांना खाऊ लागतात. जी पाळायची, ती ओल्या रंगकामाच्या कुंचल्याने उचलून स्वतंत्र डब्यांत ठेवा. एखादे पिल्लू रेशमात गुरफटून दोन-तीन दिवस गप्प बसले, तर ते आजारी नसून कात टाकत असते. तेव्हा त्याला खायला देऊ नका.

शंकेखोर

एक प्रश्न विचारतो, राग नसावा. तीस-चाळीस पिल्ले निघाली तर एवढ्या डब्यांचे करायचे काय?

अष्टपाद

योग्य प्रश्न आहे. ही जात आपल्या घरातलीच असल्यामुळे चार-पाच पिल्ले ठेवून बाकीची अंगणात, कुंड्यांच्या झाडांवर सोडता येतात. परदेशातून आणलेल्या फिडिपससारख्या जातीच्या बाबतीत मात्र हे कधीही करू नये. मातृत्वाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: मुंगीसारखी दिसणारी टॉक्सियस मॅग्नस नावाची एक उड्या मारणारी कोळीण पिल्लांना दुधासारखा द्रव पाजते, असे चीनमधल्या संशोधकांनी 2018 साली दाखवून दिले. आपल्या प्लेक्सिपसकडून तशी अपेक्षा नको. पिल्ले बाहेर पडू लागली की तिला वेगळ्या डब्यात हलवून भरपूर खायला घाला, कारण ती दुसरी पुरचुंडी घालण्याच्या तयारीत असू शकते.

रामबागवाली

सर्वांचे मनापासून आभार. दाभणाने भोक पाडले, यंत्र दुसऱ्या खोलीत हलवले आणि चिलटांची बाटली माठाशेजारी ठेवली. आज सकाळी, म्हणजे अंडी दिसल्यापासून सत्ताविसाव्या दिवशी, झोळीच्या कडेला एक काळसर ठिपका हलताना दिसला आणि दुपारपर्यंत मुलाने एकोणतीस मोजले. त्यातल्या एकाने लगेच झाकणापासून तळापर्यंत उडी मारली आणि तो स्वतःच्या धाग्याला लोंबकळत राहिला. कोळीणबाई अजून झोळीतच आहेत. त्यांना उद्या हलवू. चिलटांच्या बाटलीत मात्र आज फक्त सहा चिलटे आहेत, तेव्हा सुदामानगरवाल्यांकडे एखादी भरलेली बाटली शिल्लक असेल तर मुलगा संध्याकाळी सायकलवर येऊन घेऊन जाईल.