सोलापूरचा उन्हाळा आणि वाढत चाललेली फौज: मिनिएचर्स ठेवायची कशी?

तोफखाना_सोलापूर
नमस्कार मंडळी. टेबलवरच्या लढायांच्या खेळातले छोटे रंगवलेले सैनिक, म्हणजे मिनिएचर्स, जमवतो. २८ मिमी उंचीचे धातूचे आणि कडक प्लॅस्टिकचे मिळून चारशे पायदळ, शंभरेक घोडेस्वार, १/७२ मापाच्या मऊ प्लॅस्टिकचे पाच-सहा संच, थोडे थ्रीडी प्रिंट आणि वीसेक बोर्डगेम, एवढा पसारा झालाय. सगळं वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या खोलीत. सध्या गादीवाल्याकडचा फोम कापून डब्यांत भरलंय. एप्रिल-मेचा पारा चाळिशीच्या वर जायच्या आत नीट लावायचं आहे. फोमच ठेवू की बेसखाली (सैनिकाच्या पायाखालच्या चकतीखाली) चुंबक लावून पत्र्याच्या ट्रेवर उभे करू? एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचं) कपाट करून घेतलं तर चालेल का? आणि मऊ प्लॅस्टिकच्या भाल्यांवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतोय, त्याला काय करावं?

पत्रा_आणि_चुंबक
मालक, फोम आधी काढा. गादीचा फोम उष्णतेनं आणि दमट हवेनं पिवळा पडतो, चिकट होतो, मग त्याचा भुगा वार्निशला चिकटतो. शिवाय खाचेतून माणूस ओढून काढताना भाला किंवा झेंडा मोडतोच.

२५ मिमीच्या बेसला ५×२ मिमीचं निओडायमियम चुंबक पुरतं. आधी बेसखालच्या पोकळीची खोली मोजा. ती २ मिमीपेक्षा कमी असेल तर ५×१ घ्या. धातूच्या माणसाला दोन, घोडेस्वाराच्या लांब बेसला टोकांना एकेक, तोफेच्या ६० मिमी बेसला तीन.

चिकटवायला फेविक्विक नको. ते ठिसूळ असतं, ट्रेवरून माणूस उचलताना चुंबक पत्र्यावरच राहतं. एमसील समसमान मळून हरभऱ्याएवढी गोळी पोकळीत दाबायची, त्यात चुंबक रोवायचं, आणि पत्र्यावर बटर पेपर टाकून त्यावर बेस उभा करून रात्रभर सोडायचा. पत्रा चुंबकाला खाली खेचतो, त्यामुळे ते बेसच्या कडेशी बरोबर सपाट बसतं. चुंबक पोकळीत आत राहिलं तर पकड एकदम कमी होते. निम्म्या तक्रारींचं मूळ हेच. ग्लूगनचा गोंद आपल्याकडच्या गरमीत मऊ पडतो, त्याच्या नादी लागू नका.

ट्रेसाठी २६ गेजचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा डब्याच्या मापानं कापून घ्या, कडा दुमडून घ्या नाहीतर हात कापतो. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही आणि भांड्यांच्या ३०४ स्टीललाही जवळपास नाहीच, म्हणून दुकानात जाताना एक चुंबक खिशात असू द्या. ३०×४० सेंमीच्या ट्रेवर ३० मिमी अंतर धरलं तर हिशोबानं १३० माणसं बसतात, पण भाले एकमेकांत अडकतात, १०० धरा. धातूची शंभर माणसं म्हणजे दीड-दोन किलो, त्यामुळे डब्याचा तळ आणि कड्या मजबूत हव्यात. दोन ट्रेंमध्ये पायदळाला ६५ मिमी उंची ठेवा, झेंडेवाल्यांचा ट्रे वेगळा. भरलेला ट्रे उभा धरून हलवा. जो सरकेल त्याला आणखी एक चुंबक.

घरात लहान मूल असेल तर सुटी चुंबकं कुलपात. दोन गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना चिकटतात, थेट ऑपरेशनची वेळ येते.

शिसं_आणि_कथील
एमडीएफवर माझी फुली. वाळवीचा प्रश्न आहेच, पण धातूच्या मिनिएचर्ससाठी खरा धोका वेगळा आहे. एमडीएफ आणि काही लाकडांतून आम्लाची वाफ निघत राहते. बंद कपाटात ती साठते आणि जुन्या, शिसं जास्त असलेल्या मिनिएचर्सवर पांढरी भुकटी धरते. आतून माणूस पोखरला जातो, वरचा रंग फुगतो. हल्लीची बहुतेक कथलाच्या मिश्रधातूची असतात, त्यांना एवढी भीती नाही. पण जुना माल विकत घेतला असेल तर बेसची खालची बाजू बघाच. भुकटी दिसली तर कोरडी घासू नका, तिच्यात शिसं असतं. मास्क लावून ओल्या ब्रशनं काढा, हात साबणानं धुवा, आणि तो माणूस इतरांपासून वेगळा ठेवा.

साधं लोखंडी रॅक घ्या, भिंतीपासून चार बोटं लांब. सर्वांत वरचा कप्पा स्लॅबजवळ जास्त तापतो, तिथं फासे आणि नकाशे. बोर्डगेमचे डबे पुस्तकांसारखे उभे लावा, एकावर एक रचले की खालच्याचे कोपरे फाटतात. रबरबँड मात्र नको. उन्हाळ्यात तो वितळल्यासारखा होऊन पुठ्ठ्याला चिकटतो. नियमपुस्तिकांना कसर लागते, त्या झिपच्या पिशवीत.

कोरडा_ब्रश
रंगाचं मी सांगतो. स्प्रे प्रायमर मे महिन्यात पहाटेच मारा, तेही पंखा बंद करून. दुपारी थेंब हवेतच वाळतो आणि मिनिएचरवर सँडपेपरसारखा खरखरीत थर बसतो. तो नंतर कशानं झाकत नाही. २०-२५ सेंमी अंतर, छोटे फवारे. त्यापेक्षा ब्रशनं लावायचा प्रायमर बरा. पॅलेट ओली हवी: चपट्या डब्यात भिजवलेला टिश्यू, वर बटर पेपर. वॉशमध्ये (खाचांत उतरणाऱ्या पातळ रंगात) बोअरचं पाणी घालू नका, वाळल्यावर खाचांत पांढरे डाग उठतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. आणि धुतलेली माणसं आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलवर वाळत घालू नका, त्याची लव प्रायमरखाली अडकते. (टॉवेलचा दोष नाही, अंग पुसायला त्याच्यासारखा नाही!)

मऊ प्लॅस्टिक: रंग धरतच नाही, त्यात भाला वाकतो, मग पापुद्रा सुटणारच. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, टूथब्रशनं घासा, वाळवा. प्लॅस्टिकचा प्रायमर, पातळ अ‍ॅक्रिलिक, वर पाण्यात निम्मा पातळ केलेल्या पांढऱ्या फेविकॉलचा एक हात, शेवटी मॅट वार्निश. तरी भाल्याची खात्री नाहीच. तो कापून मूठ हातड्रिलनं भोका आणि ०.८ मिमी तार घाला.

तोफखाना_सोलापूर
फोम आजच निघाला. थ्रीडी प्रिंट राहिले: त्यांनाही चुंबकच? ते पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले तर चालतील का?

पत्रा_आणि_चुंबक
चुंबक लावा. ट्रंक खोलीत, सावलीत असेल तर हरकत नाही. गच्चीवरच्या शेडमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत नको. पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लॅस्टिक) ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, तलवारी लोंबायला लागतात. रेझिनचा (द्रव घट्ट करून छापलेला) तुकडा वाकला तर गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. पोकळ रेझिन मात्र तपासा. आत कच्चं राहिलं असेल तर भेग पडून चिकट द्रव गळतो आणि शेजारच्याचा रंगही जातो. असा तुकडा हातमोजे घालूनच उचला आणि आधी ट्रेमधून बाहेर काढा.