ऊर्जा मॉडेलमध्ये एसीची क्षमता ठरवताना मार्जिन किती धरावे?

धागालेखक:
मुंबईतील एका कार्यालयीन इमारतीचे एनर्जीप्लस या ऊर्जावापर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधील मॉडेल तपासताना असे दिसले की यंत्रांची क्षमता ऑटोसाइझवर, म्हणजे सॉफ्टवेअरनेच ठरवावी अशी सोडली होती, शीतभारावर (इमारतीतून काढायच्या उष्णतेवर) १.१५ हा गुणक आधीच भरलेला होता आणि त्यावर सल्लागाराने आपले १० टक्के वेगळे चढवले होते. त्यामुळे २०० किलोवॅटचा, म्हणजे सुमारे ५७ टनांचा भार ७२ टनांवर गेला. शिवाय डिझाइन दिवसाच्या, म्हणजे क्षमता ठरवण्यासाठी धरलेल्या कडक हवामानाच्या दिवसाच्या वेळापत्रकात सगळी माणसे, दिवे आणि संगणक एकाच वेळी चालू धरले होते, ती सावधगिरी निराळीच. दमट शहरात हे जास्तीचे टन अपायच करतात, कारण गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली चटकन गार करून बंद पडते आणि हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही.

साइटवरचा अभियंता:
असहमत. मॉडेलमधली इमारत कधी जुनी होत नाही; आमच्या इमारतीत फिल्टर तुंबतात, कंडेन्सरवर धूळ बसते आणि भाडेकरू वर्षभरात खुर्च्या वाढवतो. उकडते म्हणून फोन येतो तो आम्हाला, मॉडेल करणाऱ्याला नव्हे. तुमचा ओलाव्याचा मुद्दा एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्राला लागू पडतो. इन्व्हर्टर यंत्रे भार उतरला की आपला वेग कमी करतात. आणि अॅश्रे ९०.१ या इमारतींच्या ऊर्जावापराच्या अमेरिकी मानकाच्या परिशिष्ट जी मध्येही १५ टक्के जास्त क्षमता दिलेलीच आहे.

धागालेखक:
ते १५ टक्के तुलनेसाठी उभ्या केलेल्या बेसलाइन इमारतीपुरते आहेत; प्रस्तावित इमारतीत आराखड्यात ठरलेली क्षमताच भरायची असते. ही गल्लत आपल्याकडे सर्रास होते. इन्व्हर्टरचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य, पण त्यालाही एका मर्यादेखाली उतरता येत नाही, आणि पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी नेमकी तीच वेळ येते.

तिसरा वाचक:
दोघेही गुणकावर भांडत आहात, पण मूळ भार तरी बरोबर आहे का? मुंबईत पारा पुष्कळदा मार्च-एप्रिलमधल्या कोरड्या पूर्ववाऱ्यांत चढतो, तर हवेतला ओलावा वाढतो तो मे-जूनमध्ये. वर्षातले फक्त ३५ तास ओलांडले जाते असे ०.४ टक्क्यांचे कोरडे तापमान (साध्या तापमापकाचे, ड्राय बल्ब) घेऊन एकच डिझाइन दिवस चालवला, तर बाहेरून घेतलेल्या ताज्या हवेचा ओला भार, म्हणजे तिच्यातला ओलावा काढण्याचा भार, कमी येतो आणि ती चूक मार्जिनखाली झाकली जाते. आर्द्र तापमानावर (ओलाव्याचाही हिशेब धरणाऱ्या, वेट बल्ब) बेतलेला दुसरा दिवसही चालवावा.

साइटवरचा अभियंता:
हे पटले. दोन्ही दिवसांचे आकडे येऊ द्यात, आणि मार्जिन एकाच जागी, उघडपणे लिहिलेले असावे, हेही कबूल. खुर्च्यांसाठीचे १० टक्के मात्र मी सोडणार नाही.