काळ्या वर्णाची कापडी बाहुली शिवायची आहे: केस, चेहरा, कपडे?

ऐरोली_बालवाडी
20 मुलं, वयं 3 ते 5. बाहुली-कोपऱ्यात आफ्रिकी वंशाची एक मुलगी, एक मुलगा ठेवायचाय. दुकानात मिळते ती गोरी बाहुलीच, फक्त चॉकलेटी प्लास्टिकची. नाक-ओठ-केस सगळं तेच. घरी शिवायची तर कापड कुठलं? केस कुरळे कसे करायचे? आणि चेहरा विदूषकासारखा होऊ नये.

सुईदोरा
14 इंची एका बाहुलीला अर्धा मीटर कॉटन पॉपलीन भरपूर झालं. चहात रंगवायच्या भानगडीत पडू नका, बदामीपुढे रंग चढत नाही. ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्याला जाऊन 'स्किन कलर' म्हणालात तर पीच रंगाचा तागा समोर येईल. 'कॉफी ब्राऊन' मागा, आणि दोघांना दोन वेगळ्या छटा घ्या. ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग उतरत असेल तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा, मगच कापा; बाहुलीचा हात पोरांच्या तोंडात जाणारच.

दोरा कापडाच्याच रंगाचा. पांढरा वापरलात तर कापूस ठासल्यावर शिवण ताणते आणि काखेत, मानेपाशी टाके दात विचकतात.

केसांना काळी अ‍ॅक्रिलिक लोकर. विणायच्या धातूच्या सुईवर घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं बांधा, वरून उकळतं पाणी ओता आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस धरा. अर्धवट ओली सोडली की वळण गेलंच. मग कापून झुबके ओळीने टाचा. डोक्याचा मागचा भाग आधीच काळ्या कापडाचा शिवा, नाहीतर झुबक्यांमधून तपकिरी टाळू डोकावते.

बटणाचे डोळे नकोत, सुटलं तर थेट घशात.

रेघोट्या
विदूषकाची भीती रास्त आहे. 1895 मध्ये इंग्लंडातल्या एका चित्रपुस्तकातून 'गॉलिवॉग' आला: कोळशासारखा चेहरा, वाटोळे पांढरे डोळे, लालभडक ओठ. गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करायचे, त्याच सोंगाची ती नक्कल.

म्हणून बुबुळाभोवती पांढरं कडं भरू नका. डोळा बदामी आकाराचा, पांढरं फक्त दोन्ही कोपऱ्यांत, बुबुळ काळं आणि त्यात चमकेचा एकच पांढरा टाका. ओठ मरून किंवा जांभळट तपकिरी. नाकाला कापडाहून एक छटा गडद दोरा, दोन छोटे अर्धगोल. खडू देताना पीच खडूला 'स्किन कलर' म्हणणंही सोडा. क्रेयोलाने 'फ्लेश' हे नाव 1962 मध्येच बदलून 'पीच' केलं.

घोडबंदर_आजोबा
सगळं ठीक, पण ही मुलं ठाण्यात आहेत कुठे? आधी आपल्या सावळ्या पोरांच्या बाहुल्या करा की.

वाचनकट्टा
दोन्ही करा, आजोबा. आणि आपल्याकडे आफ्रिकी वंशाचे लोक नाहीत असंही नाही. मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींना विसरलात? उत्तर कन्नड जिल्ह्यात तर सिद्दींची गावं आहेत. तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या ठिगळांची कवंदी शिवतात. उरलेल्या चिंध्यांची तशी छोटी गोधडी बाहुलीला द्या.

कपडे मात्र रोजचे: गणवेश, रेनकोट, फ्रॉक. गवताचा घागरा घातलात की ते पोर पुन्हा 'जंगलातलं' झालं. पुस्तकांनाही हीच चाळणी. काळं मूल फक्त गुलाम, भुकेलं किंवा कुणाच्या मदतीची वाट बघणारं असेल, तर ते पुस्तक एकटं ठेवू नका; शेजारी दात घासणारं, भांडणारं, सायकल शिकणारं हवं.

दुकानातल्या बाहुलीबद्दलची तुमची तक्रार जुनीच आहे. लॉस एंजेलिसच्या शिंदाना कंपनीने 1968 मध्ये 'बेबी नॅन्सी' काढली ती नुसता रंग न बदलता चेहराच नव्याने घडवून.

आणि "यातली छान कोणती?" असं पोरांना विचारू नका. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने हाच प्रश्न प्रयोगात विचारला होता. पुष्कळ काळ्या मुलांनीही गोरी बाहुली उचलली. अमेरिकेत शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या 1954 च्या निकालात त्या प्रयोगाचा दाखला आहे. बाहुलीला नाव द्या, बाकीच्यांबरोबर टोपलीत टाका.

ऐरोली_बालवाडी
काळी टाळू डोक्यातच आली नव्हती. कापूस किती लागेल?

सुईदोरा
पॉलिफिल, म्हणजे पॉलिस्टरचा कापूस घ्या, एकीला सव्वाशे ग्रॅम धरा. मान सगळ्यात ठासून भरा, लोकरीच्या वजनाने डोकं मागे कलतं.