दगड-विटा सोडूनही पैसा जातो
हॉस्पिटलच्या देणगीदारांना नावाची पाटी लावायला मिळते म्हणून ते फक्त बिल्डिंग आणि मशीनला पैसे देतात, असं म्हणतात आणि ते बऱ्यापैकी पटतं. पण अमेरिकेतलं जॉन ए. हार्टफर्ड फाउंडेशन बघा, ए अँड पी या किराणा दुकानांतून कमावलेला पैसा, संस्था १९२९ ची, आणि २०१७ ला त्यांनी बिल्डिंगऐवजी उपचाराच्या पद्धतीसाठी जो उपक्रम सुरू केला त्यात म्हाताऱ्या पेशंटच्या चारच गोष्टी बघायच्या: त्याला स्वतःला काय हवंय, गोळ्या, मन-स्मरण आणि चालणं-फिरणं.

यातल्या गोळ्यांचंच बघा. सासूबाई न्यू जर्सीला आमच्याकडे होत्या तेव्हा डॉक्टरनी गोळ्यांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावली, तर बीपीची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी चालू! आणि आम्ही आपले चक्कर वयामुळे येते असं धरून बसलेलो.